दहा वेळा एकच वजन

माझ्या फॉर्मवर 'स्वभाव' या रकान्यात एकच शब्द होता. लहरी.

बाकीचा फॉर्म, शिकाऊला कायम करायचं की नाही ते ठरवणारा, चांगला होता हो. वेळेवर येतो, होय. हात स्थिर, होय. वजनं हातमोजे घालूनच उचलतो, होय. आणि त्या सगळ्या होयांच्या खाली, निळ्या शाईत, सुबक अक्षरात, लहरी. छान जेवण व्हावं आणि शेवटच्या घासाला दाताखाली खडा यावा तसं झालं.

मी वजनकाट्यांच्या कारखान्यात आहे, तपासणी विभागात. काटा तयार होऊन आमच्या टेबलावर येतो. आम्ही त्याच्यावर प्रमाण वजनं ठेवतो, आकडा बघतो, बरोबर असला की मागच्या बाजूला तार ओवून शिशाचं सील दाबतो. सील दाबायची एक पकड असते. जुनी, जड, मुठीला तेलकट झालेली. ती फक्त कायम झालेल्या माणसाला मिळते. सहा महिने मी त्या पकडीकडे असा बघत होतो, की जोडीदार एकदा म्हणाला, "अरे, लग्नच लावून टाक." जोडीदार म्हणजे माझ्याबरोबरच लागलेला दुसरा शिकाऊ. त्याच्या स्वभावाच्या रकान्यात 'स्थिर' होतं.

आता तुम्ही म्हणाल, लहरी तर लहरी, त्यात एवढं काय. तेच सांगतो. आमच्याकडे हा शब्द कुणी तोंडाला येईल तसा वापरत नाही. काट्यावर एकच वजन दहा वेळा ठेवायचं. पाच किलो ठेवल्यावर दहाही वेळा तो पाच किलो दहा ग्रॅम दाखवत असेल, तर तो काटा चूक. चूक काट्याला आमच्याकडे मान आहे. स्क्रू थोडा फिरवला की सुधारतो बिचारा. पण एकदा दहा ग्रॅम जास्त, एकदा सात कमी, एकदा बरोबर असं जो करतो तो लहरी. त्याला फिरवायला स्क्रूच नसतो. त्याच्या गळ्यात लाल चिठ्ठी बांधून मागच्या फळीवर ठेवतात आणि सवडीने त्याचे भाग सुटे करतात.

म्हणजे मला वाईट म्हटलं नव्हतं. वाईट चाललं असतं. मला दुरुस्त न होणारा म्हटलं होतं.

लिहिणारे होते ग्रॅमदादा. आमचे मुख्य तपासनीस. एकोणतीस वर्षं एकाच स्टुलावर. छोटी वजनं चिमट्याने उचलतात ना, तसे ते शब्दही चिमट्याने उचलून ठेवतात. मध्ये काही दिवस ते रोज चारच्या चहाला माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "काय, काम कसं वाटतंय?" मला वाटायचं, वरून कडक आहेत पण आतून माया आहे. मग एक दिवस विचारायचं बंद झालं. तेवढीच काय ती माया.

मी मॅनेजर बाईंकडे गेलो.

"हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या," त्या म्हणाल्या. "पुराव्यासकट. नाहीतर सोळाव्या दिवसापासून येऊ नका."

"कशाचा पुरावा?"

"लहरी नसल्याचा."

"नसल्याचा पुरावा कसा देतात?"

"ते तुम्ही बघा. अर्जाचा नमुना खिडकीवर मिळेल."

खिडकीवरच्या नमुन्यात चुकांची यादी छापलेली होती. नावात चूक, जन्मतारखेत चूक, पत्त्यात चूक, रक्तगटात चूक. स्वभावात चूक नव्हती. खिडकीतला कारकून म्हणाला, "'इतर'वर खूण करा." अशा रीतीने माझा स्वभाव 'इतर'मध्ये गेला. पण 'इतर'ला जोडपत्र लागतं आणि जोडपत्र शेजारच्या खिडकीवर मिळतं.

"ती कधी उघडते?" मी विचारलं.

"तिचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला.

मी दोन दिवस त्या बंद खिडकीपुढे उभा राहिलो. खिडकीच्या स्वभावाचा रकाना कुणी भरतं का, असा प्रश्न मनात आला. विचारला नाही. तिसऱ्या सकाळी ती अचानक उघडली, मला जोडपत्र मिळालं आणि मी मागे वळेपर्यंत बंदही झाली.

घरी सांगितलं तर ताई म्हणाली, "सहा महिन्यांत ओळखलं तुला. आम्हाला सव्वीस वर्षं लागली."

"मी लहरी आहे?"

"सायकल अर्धी हिरवी कुणी रंगवली?"

"रंग संपला होता."

"दुकान बंद झालं होतं?"

दुकान बंद नव्हतं झालं. मधल्या काळात मला निळा आवडायला लागला होता. पण हे घरात बोलून उपयोग नसतो.

खरं सांगायचं तर तोवर माझा राग थोडा मागे पडला होता आणि कुतूहल वाढलं होतं. ही लहर म्हणजे असते काय? मी भेटेल त्याला विचारत सुटलो. आई म्हणाली, "जी आल्यावर माणूस पसारा काढतो आणि गेल्यावर दुसरा कोणीतरी आवरतो, ती." आमचा न्हावी म्हणाला, त्याचा निम्मा धंदा लहरीवर आहे. लोक मिशी काढायला येतात आणि काढून झाल्यावर त्यालाच विचारतात, का काढलीस. गाणारा माणूस लहरी असला की लोक ते कौतुकाने सांगतात, हे माझ्या लक्षात आलं. नळ लहरी असला की बादल्या भरून ठेवतात. साहेब लहरी असले की सगळे दबकून असतात. आणि शिकाऊ लहरी असला की सोळाव्या दिवसापासून येऊ नका. शब्द तोच. कुणाच्या गळ्यात बांधलाय त्यावर त्याचं वजन ठरतं.

पण हे जोडपत्रात लिहून चाललं नसतं. तेव्हा समोरच्या दारातले काका मदतीला आले. काका कुठल्याशा कचेरीतून चौतीस वर्षांनी निवृत्त झालेत. त्यांच्या मते ती कचेरी त्यांच्यामागे जेमतेम उभी आहे.

"तुमच्याकडे काटा कसा तपासतात?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग झालं तर. स्वतःला तपास. रोज अगदी तोच दिवस काढायचा. तीच वेळ, तेच कपडे, तेच जेवण, तेच बोलणं. बारा दिवस. आणि रोज साक्षीदाराची सही. साक्षीदार नसलेला पुरावा म्हणजे डायरी, ती मुली लिहितात."

"मुली काय लिहितात?" ताईने आतून विचारलं.

"मुली फार छान लिहितात," काका म्हणाले आणि वहीत रेघा मारायला लागले.

तर निघण्याची वेळ सात चाळीस. निळा शर्ट. जेवायला उकडलेला बटाटा आणि पाव, म्हणजे आईला रोज जमेल असं. तळमजल्यावर शिवणाच्या मावशी मशीन घेऊन बसतात, त्यांना जाताना "काय मावशी, आज एकदम खुशीत दिसताय." हे वाक्य मी पहिल्या दिवशी सहज बोललो होतो. काकांनी ते वहीत उतरवलं आणि मग ते कायम झालं. माझ्याआधी.

पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी शर्ट वाळला नाही. एकच निळा शर्ट, रोज रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. काका म्हणाले, "रकान्यात 'निळा' आहे, 'कोरडा' नाही. घाल." घातला. दुपारपर्यंत शिंका सुरू झाल्या. आता आमच्या टेबलावर शिंकणं म्हणजे काय, तर नाजूक काट्यावर शंभर ग्रॅम ठेवलेत, आकडा स्थिर होतोय, आणि फट्‌. त्या दिवशी माझ्यापायी तीन चांगल्या घरचे काटे लहरी ठरता ठरता वाचले. ग्रॅमदादांनी नुसतं बघितलं आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

पाचव्या दिवशी मावशींची दाढ सुजली. गालाला फडकं बांधून बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी. मी समोर उभा, खिशात वही, मागे जिन्यात काका.

"काय मावशी, आज एकदम खुशीत दिसताय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. सहाव्या दिवशी सूज वाढली होती. मी पुन्हा तेच म्हणालो. सातव्या दिवशी दाढ काढली होती आणि तोंडात कापूस होता, म्हणून उत्तर आलं नाही, फक्त कात्री आपटल्याचा आवाज आला. संध्याकाळी त्या आईला सांगून गेल्या, "तुमचा मुलगा आधी असा नव्हता. आधी चौकशी करायचा."

मध्ये रविवार आला. काका म्हणाले, रविवार सोडलास तर वहीत भोक पडेल. म्हणून सात चाळीसला निघालो, कारखान्याच्या बंद फाटकाला हात लावला.

"काय विसरलात?" पहारेकऱ्याने विचारलं.

"काही नाही. आलो होतो."

"लहर आली वाटतं," तो म्हणाला.

गंमत बघा. सहा महिने मी माझ्या मनासारखा वागलो, तेव्हा ताई आणि ग्रॅमदादा सोडून मला कुणी लहरी म्हणालं नाही. आणि आता घड्याळाच्या काट्यासारखा वागतोय, तर न्हाव्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे कुजबुजायला लागले, की याच्या डोक्यात काहीतरी भरलंय. आठव्या दिवशी आईने बटाटा ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "ही तुझी खायची लहर आहे की मला करायची शिक्षा?" मी वहीत लिहिलं, जेवण, बटाटा, पाव. आईचं वाक्य लिहायला रकाना नव्हता.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. काकांनी बाराच्या बारा सह्या पहिल्याच संध्याकाळी करून ठेवल्या होत्या. "रोज चष्मा शोधायला नको," म्हणाले. मला माहीत होतं. मी गप्प बसलो.

पंधराव्या दिवशी अर्ज, जोडपत्र आणि वही घेऊन मी मॅनेजर बाईंपुढे उभा राहिलो. त्यांनी वही उघडली नाही.

"ज्यांनी लिहिलंय त्यांची सही आणा. पाचपर्यंत."

ग्रॅमदादांपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला आणि वही वाचली, आम्ही तपासणीचे तक्ते वाचतो तशी, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. बारा दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. असले सरळ आकडे त्यांनी एकोणतीस वर्षांत पाहिले नसणार.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"दादा, साक्षीदार आहेत."

"सात चाळीस. सात चाळीस. सात चाळीस." बोट खाली खाली सरकलं. "खरं वजन ठेवलं की शेवटचा आकडा जरा तरी हलतो. सात एकोणचाळीस, सात एक्केचाळीस. एवढे सरळ आकडे काट्याला हात न लावता लिहिलेले असतात." मग बोट सह्यांवर आलं. "आणि ही सगळी एका बैठकीची शाई आहे."

बारा दिवस बटाटा खाऊन, ओला शर्ट घालून, मावशींशी वैर घेऊन मी खोटा ठरलो होतो. आणि सह्यांपुरता तो आरोप खराही होता.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण तुम्ही लहरी कशावरून लिहिलंत, तेवढं सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शर्टाच्या खिशातून रबर लावलेली छोटी वही काढली.

"तपासलं," ते म्हणाले. "सगळ्या शिकाऊ पोरांना तपासतो. दहा वेळा, एकच वजन."

"कुठलं वजन?"

"'काम कसं वाटतंय?'"

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. ती चारच्या चहाची माया.

ते वाचायला लागले. "पहिल्या दिवशी, 'मस्त'. दुसऱ्या दिवशी, 'पाय गेले दादा कामातून'. तिसऱ्या दिवशी, 'झोप येतेय'. चौथ्या दिवशी, 'हे सोडून दुसरं काही करू नये असं वाटतंय'. पाचव्या दिवशी, 'डोकं उठलंय'." पान उलटलं. "दहा वेळा दहा आकडे. तुझं वाईट चिंतलं नाही मी. जे दिसलं ते लिहिलं. तुझ्या जोडीदाराने दहाही वेळा 'छान' सांगितलं."

शेजारच्या टेबलावर जोडीदार खाली मान घालून एका काट्याची तबकडी पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

आता इथे मी चिडायला हवं होतं. पण मला त्या पद्धतीचंच नवल वाटायला लागलं. माणूस एकोणतीस वर्षं एकच गोष्ट शिकलाय आणि ती तो मनापासून वापरतोय. मग पद्धतीत अडचण कुठे आहे? मी उठून विभागाची रोजच्या कामाची मोठी नोंदवही आणली.

"दादा, दुसऱ्या दिवसाची तारीख सांगा."

त्यांनी सांगितली. मी पान काढलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि गोदामात जमिनीवर ठेवतात ते मोठे काटे आम्ही जिन्याने वर चढवले होते, अकरा नग. तिसरी तारीख. स्वयंपाकघरातले छोटे काटे, एका मापाचे, एकशे साठ, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चौथी तारीख.

"त्या दिवशी सोनाराचा काटा आला होता," मी म्हणालो. "तुम्हीच मला म्हणालात, डोक्याचा एक केस ठेवून बघ. ठेवला तर आकडा हलला. आठवतं?"

"आठवतं," ते म्हणाले.

"पाचव्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये दिवसभर पत्रा ठोकत होते. दादा, तुम्ही एकच वजन ठेवलंच नव्हतं. प्रश्न तोच होता, पण त्याच्यावर दिवस रोज वेगळा होता. मी जेवढं होतं तेवढं दाखवलं."

पुढच्या पाच तारखा ग्रॅमदादांनी स्वतः पडताळल्या, एका हाताचं बोट छोट्या वहीवर, दुसऱ्याचं मोठ्या. दहावी झाल्यावर ते थांबले. मग काय मनात आलं कोण जाणे, छोट्या वहीत दोन पानं मागे गेले, जोडीदाराच्या नावावर. देवाशप्पथ, मला त्याला मध्ये ओढायचं नव्हतं.

"या तारखेला," ते सावकाश म्हणाले, "याच्या पायावर वीस किलोचं वजन पडलं होतं."

"हो. दवाखान्यात नेलं होतं. चहाला परत आला."

"आणि चार वाजता हा म्हणाला, 'छान'."

तबकडी पुसणं थांबलं होतं.

"रिकामा असताना छान. वीस किलोला छान." ग्रॅमदादांनी चष्मा काढला. "हा तर अडकलेला काटा."

"दादा, त्याला कायम व्हायचंय हो," मी म्हणालो. "तुमच्यासमोर दुसरं काय बोलणार तो? मी बोलत होतो, कारण मला वाटलं तुम्ही सहज विचारताय."

मला मावशी आठवल्या, फडकं बांधलेल्या. मीही बारा दिवस अडकूनच बसलो होतो. तेही 'स्थिर' म्हणवून घ्यायला.

"दोष त्याचा नाही," ग्रॅमदादा म्हणाले. "तपासणाऱ्याचा आहे." आणि जोडीदाराकडे वळून, "पाय कसा आहे रे?"

"छा..." जोडीदार म्हणाला आणि थांबला. "रात्री ठणकतो अजून."

पाचला सात मिनिटं कमी असताना आम्ही मॅनेजर बाईंकडे पोचलो. त्या म्हणाल्या, फॉर्मवर खाडाखोड चालत नाही आणि कोरा फॉर्म वरून मागवायला तीन महिने लागतात. ग्रॅमदादांनी फॉर्म ओढून घेतला. 'लहरी'ला हात लावला नाही. त्याच्या खाली, उरलेल्या बोटभर जागेत, सुबक अक्षरात लिहिलं. 'फेरतपासणी केली. वजन बदलत होतं. काटा बरोबर आहे.'

बाईंनी वाचलं. "काटा कोण?"

"हा," ग्रॅमदादा म्हणाले.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, निळा शर्ट अजून दमट होता, आणि शिक्का मारला. मला वाटतं, त्यांना घरी जायचं होतं.

काका सगळ्यांना सांगतात की सह्यांनी काम केलं. मी खोडून काढत नाही. मावशींना मी जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाटलंच, आणि मग दुसरा निळा शर्ट शिवून देऊ का विचारलं. मी म्हणालो, हिरवा. घरी आईने विचारलं, "आज काय करू?" मी म्हणालो, "बटाटा सोडून काहीही." ताई म्हणाली, "झाली सुरुवात."

पकड आता माझ्या खणात असते. हातात घेतली की वाटतं त्यापेक्षा जड लागते.

चारच्या चहाला ग्रॅमदादा पुन्हा यायला लागलेत. "काय, काम कसं वाटतंय?" आणि उत्तर लिहिण्याआधी कामाच्या नोंदवहीत दिवस बघतात. पहिल्या दिवशी मी उत्तर दिलं आणि सहज उलट विचारलं, "आणि तुम्हाला दादा?"

ते गोंधळले. हा प्रश्न त्यांच्या बाजूला कधी आलाच नसावा. "ठीक," ते म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशीही ठीक. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी ठीक. मी एक छोटी वही केलीय, रबर लावलेली, तिच्यात लिहून ठेवतो. सहाव्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हे स्टूल उंच आहे रे. पहिल्या दिवसापासून. कंबर धरते."

मी तारीख घातली आणि पुढे लिहिलं, काटा हलतोय.